कूलर बंद पडला आणि सगळ्यांनी हेडफोन काढले

मे महिन्यातल्या दुपारी नागपूरच्या धरमपेठेतला गेमिंग कॅफे ओस असतो. बाहेर पारा ४५ च्या घरात, कोण कशाला मरायला येतं? म्हणूनच मालकाने बारा ते चार जागा जवळपास फुकटात दिली. दोन सख्ख्या भावांनी मिळून केलेला भुताचा गेम अनोळखी लोकांकडून खेळवून घ्यायचा होता, आणि त्यांच्याकडे पैसे म्हणजे खरोखरच नव्हते.

माझा धंदा गेम तपासण्याचा. एरवी वाट्याला येतात मोबाइलवरचे पत्ते, लुडो आणि फळं जुळवायचे प्रकार. कुठलं बटण दाबलं की काय अडकतं हे शोधायचं आणि लिहून द्यायचं. भयपटाच्या जातीचा गेम तपासणं हे वेगळंच प्रकरण आहे. एरवी मी खेळणाऱ्याला सांगतो, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. इथे तसं केलं की भीती बोलण्यात विरून जाते. म्हणून मी फक्त खांदे बघत बसलो. माणूस घाबरला की खांदे आधी वर जातात, ओरडणं नंतर येतं.

गेमची गोष्ट साधी. नागपूरच्याच महाल भागातला जुना वाडा विकायचा ठरलाय, सामान आवरायला नातू एकटा आलाय, एका रात्रीत काम उरकायचंय. पहिला अर्धा तास काही म्हणजे काहीच होत नाही. पितळी भांडी खोक्यात भरा, फोटो उतरवा, माडीवरून ट्रंक खाली आणा. ओसरीवर कूलर घरघरत असतो. हा आवाज धाकट्याने मावशीकडच्या खऱ्या कूलरचा घेतलेला, पंपाची गुरगुर आणि वाळ्याच्या ताट्यांवरून ठिबकणाऱ्या पाण्यासकट. नागपूरच्या माणसाला तो आवाज ऐकूच येत नाही. उन्हाळाभर तो कानात असतोच.

मग लाइट जाते. कूलर हळूहळू मंदावत थांबतो. आणि त्याच्या आवाजाखाली इतका वेळ काय चाललं होतं ते आता ऐकू येतं. स्वयंपाकघरात कुणीतरी पाट्यावर काहीतरी वाटतंय.

त्या दुपारी खेळायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाने या ठिकाणी हेडफोन काढून कॅफेत इकडेतिकडे बघितलं. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा तर मला म्हणाला, "भाऊ, मागं कोणी काही वाटून राहिलं का?" मी नुसती मान हलवली. तो बराच वेळ ओसरीवरच उभा राहिला. स्वयंपाकघराचा दरवाजा उघडाच होता, तरी याचा हात माउसवरून हलेना.

इतक्या वर्षांत मी भरपूर गेम तपासले, पण एकही चित्र न दाखवता माणसाला असं खिळवून ठेवणारी जागा मला आठवत नाही. खर्च किती? एक मोबाइल, मावशीचं घर आणि दोन संध्याकाळी.

पैसे नसण्यातून या प्रकारात चांगलं काही निघतं याला जुने दाखले आहेत. १९९९ सालच्या सायलेंट हिलमधलं ते दाट धुकं मुळात पहिल्या प्लेस्टेशनला दूरचं काही दाखवणं झेपत नव्हतं म्हणून आलं, आणि तेच त्या गेमची ओळख ठरलं. २०१४ चा फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज स्कॉट कॉथन या एकट्या माणसाने केला. त्यात खेळणाऱ्याला खुर्चीवरून उठताच येत नाही. दारं बंद करायची, कॅमेरे बघायचे आणि वाट पाहायची. चालणं-पळणं दाखवायचंच नाही म्हटल्यावर निम्मं काम तिथेच वाचतं.

या भावांनी मात्र उत्तरार्धात चालणं-पळणं दाखवलं. तिथे गाडी घसरली.

स्वयंपाकघरानंतर बाई दिसते. तयार विकत घेतलेलं मॉडेल, पांढरा पायघोळ गाऊन, चेहऱ्यावर ओले केस. ती प्रकट होते त्याच्या आधी गेम क्षणभर अडखळतो, कारण मॉडेल त्याच क्षणी मेमरीत चढत असतं. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वेळेला चित्र किंचित थबकलं की लोक सावरून बसायला लागले. तिसऱ्या वेळेला एक पोरगी हेडफोन खाली करत म्हणाली, "आता येते बघा." आली. किंकाळीही तीच, तिन्ही वेळा.

त्यानंतर पाठलाग. वाड्याची दारं अरुंद, खऱ्या वाड्यात असतात तशीच, ते छानच. पण बाईला वाट शोधून देणाऱ्या नकाशात तिची रुंदी चौकटीपेक्षा जास्त धरलेली. परिणाम असा की माजघराच्या दारात ती अडकली आणि जागच्या जागी चालत राहिली. परीक्षावाला मुलगा, जो मघाशी ओसरीवर गोठला होता, तो खुर्ची मागे सरकवून खदखदून हसला. "अबे, हिला कोणी वाट दाखवा रे!" एकदा हसू आलं की पुढच्या तासाभरात ती भीती परत येत नाही.

शिवाय पकडले गेलात तर पार ट्रंक उतरवण्यापासून पुन्हा. तीच भांडी, तीच खोकी. दुसऱ्या खेपेला वाडा भुताचा राहत नाही, नुसतं घर बदलण्याचं काम उरतं.

आणि चिठ्ठ्या. आजीने लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवरच सगळी गोष्ट उभी, आणि पडद्यावर देवनागरीचा चुराडा. अक्षरं दाखवायला त्यांनी वापरलेल्या सोयीत जोडाक्षरं जुळत नव्हती, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसत होती. लोक वाचायचा प्रयत्न करायचे, कंटाळून पुढे जायचे आणि मग विचारायचे, आजी मेली की जिवंत आहे?

तीनच्या सुमारास मालकाची आई त्याच्यासाठी डबा घेऊन आली. निवृत्त शिक्षिका, लहानपण महालातच गेलेलं. मालक म्हणाला, आईलाही बसवा. त्यांच्या नातवाने माउस धरला आणि त्या नुसत्या बघत राहिल्या. कूलर थांबला तेव्हा त्यांनी पदर घट्ट धरला हे मी पाहिलं. त्या पुटपुटल्या, "आत नको जाऊ रे." गेममधल्या नातवाला की शेजारच्या, कोण जाणे. मग बाई आली. काकू पुढे वाकल्या, चश्मा नीट केला आणि धाकट्याला विचारलं, "काऊन रे, हिले लुगडं नाही भेटलं का? ही आपल्या घरची नाही."

धाकटा हसला. थोरला हसला नाही. पाठलागाचं सगळं काम त्याचं होतं, नोकरी सांभाळून कित्येक महिने रात्री जागून केलेलं.

संध्याकाळी चहाला बसलो तेव्हा मी म्हटलं, पाठलाग काढून टाका, गेम स्वयंपाकघराच्या दाराशी संपवा. थोरल्याने हिशेब पुढे केला. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम चढवायचे १०० डॉलर, तेही हजार डॉलरची कमाई झाल्यावरच परत मिळतात. आणि गिऱ्हाइकाने १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळून मागणी केली तर त्याचे पैसे परत जातात. पाठलाग काढला तर गेम तासाभरात संपतो. "लोक पूर्ण खेळतील आणि पैसे परत मागतील. मग का करायचं आम्ही?" मागे नेऊन ठेवणं, तीच खोकी पुन्हा भरायला लावणं, हे सगळं त्याने दोन तास गाठायला केलं होतं तर.

त्याची भीती खोटी नाही. छोटे गेम करणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे. पण तासभर कंटाळून दोन तास गाठणाऱ्या माणसाला पैसे परत मिळत नाहीत, म्हणून तो गेमच्या खाली अभिप्रायात शिव्या लिहून ठेवतो, आणि नवख्या गेमला त्या जास्त महागात पडतात. हे मी त्याला तिथेच सांगितलं. त्याने कपातला चहा संपवला आणि काही बोलला नाही.

अहवालात मी जे स्वस्तात होण्यासारखं होतं ते आधी लिहिलं. बाईला गेम सुरू होतानाच मेमरीत चढवून फरशीखाली उभी करून ठेवा, मग अडखळणार नाही. चिठ्ठ्या कुणा म्हाताऱ्या माणसाकडून कागदावर लिहून घ्या आणि त्याचे फोटो लावा, देवनागरीचा प्रश्नच मिटेल. किंकाळी काढा, तिथे पाट्याचाच आवाज जवळ आणा. तीन वेळा दाखवलेली बाई एकदाच दाखवा, तीही पाठमोरी.

त्यांनी यातलं बरंचसं केलं. चिठ्ठ्या काकूंनीच लिहून दिल्या, शाईच्या पेनाने, शाळेतल्या फळ्यावरच्यासारख्या वळणदार अक्षरात. पाठलाग अजून गेममध्ये आहे. थोरल्याने दारं रुंद करायला नकार दिला, बाईची रुंदी कमी केली, आणि मागे नेऊन ठेवणं आता माजघरापर्यंतच. गेम सव्वा तासात संपतो. किंमत किती ठेवायची यावरून दोघं भाऊ अजून भांडून राहिलेत.