कंदिलाचा सांधा: चौथ्या आवृत्तीत चौकट जुळली

पारंपरिक आकाशकंदिलाची चौकट दरवर्षी नव्याने बांधायची आणि कंदील उतरवला की मोडून टाकायची, हे मला टाळायचं होतं. कामट्या बांबूच्याच ठेवायच्या, दोऱ्याच्या गाठींच्या जागी थ्रीडी प्रिंटरवर छापलेले सांधे लावायचे आणि सण झाला की सगळं सुटं करून पिशवीत भरायचं, असा बेत आहे.

कंदिलाचा आकार मोजून बघा: सहा चौकोन, आठ त्रिकोण, २४ कडा, १२ कोपरे. बाराही कोपरे हुबेहूब सारखे. प्रत्येकात चार कामट्या येतात आणि शेजारशेजारच्या कामट्यांमध्ये आलटून पालटून ६० आणि ९० अंशांचा कोन असतो. म्हणजे एकच सांधा नीट जमला की काम झालं, असं वाटलं होतं.

पहिली आवृत्ती अखंड होती, एका गाठीतून निघणाऱ्या चार नळ्या. टोक खाली ठेवून छापलं तर प्रत्येक नळी बेडपासून, म्हणजे छपाई होते त्या सपाट तळापासून, जेमतेम ३० अंश वर उठते. ४५ अंशांपेक्षा जास्त आडवा कललेला भाग आधाराशिवाय छापू नये, हा नियम आपण सगळे पाळतो, पण तो कुठून येतो हे मला इथे नीट उमगलं. थराची जाडी ०.२ मिमी, प्लास्टिकच्या रेघेची रुंदी ०.४ मिमी. ४५ अंशांवर प्रत्येक थर ०.२ मिमी पुढे सरकतो, म्हणजे अर्धी रेघ खालच्या थरावर टेकलेली असते. ३० अंशांवर तो जवळजवळ ०.३५ मिमी सरकतो आणि टेकू उरतो ०.०५ मिमीचा. सपोर्ट, म्हणजे सोबत छापलेले तात्पुरते आधार, लावावेच लागले, आणि नळीच्या आतले सपोर्ट पक्कडीने ओढून काढताना दोन सांधे हातातच फुटले.

दुसऱ्या आवृत्तीत नळ्यांऐवजी वरून उघड्या खाचा केल्या आणि कामटी धरायला काठांवर लवचीक ओठ दिले. छपाई सुरेख आली. कामटी दाबली आणि ओठ थराच्या रेषेवरच तुटला. उभी भिंत आडवी वाकवली की सगळा जोर थरांमधल्या चिकटीवर येतो, आणि आपल्या छपाईत सगळ्यात कच्ची जागा तीच.

इथे मी चार दिवस प्रिंटर बंद ठेवला. छपाईसाठी रचना म्हटलं की विमानाच्या लीप इंजिनातल्या इंधन नोझलचं उदाहरण सगळीकडे शिकवतात: सुमारे २० सुटे भाग होते, त्यांचा एक झाला. ते खरंच अप्रतिम काम आहे. पण त्यातून ‘जोडता येईल ते जोडा’ एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. तो भाग धातूच्या भुकटीवर लेझरने घडतो, माझा प्रिंटरच्या ०.४ मिमीच्या नोझलमधून निघणाऱ्या प्लास्टिकच्या रेघेने. मला भाग तोडायला हवा होता.

कोपऱ्यातल्या समोरासमोरच्या दोन कामट्यांमध्ये बरोबर १२० अंश असतात. म्हणून सांध्याचे दोन सपाट ‘व्ही’ केले, ६ मिमी जाडीचे, मधोमध अर्ध्या खाचेने एकमेकांत अडकणारे. दोन्ही बेडवर आडवे छापायचे, सपोर्ट शून्य. थर कामटीच्या दिशेने धावतात आणि कामटी धरणारं बोट थराच्या पातळीतच वाकतं. बोटाच्या मुळाशी प्लास्टिक किती ताणलं जातं, त्याचं सूत्र सोपं आहे: जाडी गुणिले वाक, त्याची दीडपट, भागिले लांबीचा वर्ग. १.२ मिमी जाडीचं बोट अर्धा मिमी वाकलं तर ८ मिमी लांबीला १.४ टक्के ताण येतो, १६ मिमीला फक्त ०.३५. कामट्या हाताने तासलेल्या, जाडी कमीजास्त होणारच, म्हणून १६ घेतले.

तरी तिसऱ्या आवृत्तीत चौकट मिटेना. शेवटची कामटी काही केल्या पोचेना. चूक खाचेत होती. मी ती सरळ कापली होती, त्यामुळे दोन व्ही काटकोनात बसले आणि ६० व ९० या दोन्ही कोनांचे सुमारे ७५.५ झाले. खरं तर दोन व्हींच्या पातळ्या ७०.५ अंशांत छेदतात. चौथ्या आवृत्तीत खाचेच्या भिंती उभ्यापासून १९.५ अंश कलत्या केल्या. ४५ च्या कितीतरी आत, त्यामुळे इथेही सपोर्ट नको. खाचेची रुंदी ६ ऐवजी ६.३६ मिमी, वर ०.२ मोकळीक.

काल रात्री २४ व्ही आणि २४ कामट्या जोडल्या. कड २० सेंमी, उंची २८ च्या थोडी वर. चौकट टेबलावर ठेवली, डुगडुगली नाही. बाबांनी हातात घेऊन सगळीकडून दाबून पाहिली आणि जिलेटीनचा कागद कुठला आणायचा ते विचारलं.

पीएलए, म्हणजे मी आतापर्यंत छपाईला वापरलेलं प्लास्टिक, त्याची बोटं मात्र आठवडाभर वाकलेली राहिल्यावर सैल पडतात. चाचणीचे दोन सांधे तसेच झाले. शिवाय ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि गॅलरीत दुपारी ऊन येतं. आता हेच सगळं पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये छापतोय. पहिले सहा व्ही बेडवर आहेत.