पुस्तक बदलून आण

परवा दुपारी शेजारची मुलगी दारात येऊन उभी राहिली. बारावीची परीक्षा संपलेली, दोन महिने मोकळे. म्हणाली, "काका, काहीतरी चांगलं वाचायला सुचवा की."

मी सावरून बसलो. चष्मासुद्धा पुसला. आणि पाच नावं सांगितली, एकाहून एक वजनदार. तिने ती मोबाइलमध्ये टिपून घेतली, थँक्यू म्हणाली आणि गेली. दार लावल्यावर लक्षात आलं, त्या पाचांतली दोन मी अर्धवट सोडली होती. एक परीक्षेला होतं म्हणून वाचलं होतं. उरलेल्या दोन्हींबद्दल एवढंच आठवत होतं की ती मला फार आवडली होती. उशाशी मात्र अर्नाळकरांचा झुंजार पालथा पडलेला. त्याचं नाव काही तोंडातून निघालं नाही. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या या माणसाने, मी त्यातल्या शंभरेक तरी वाचल्या असतील, पण "सुचवा" म्हटलं की तो पलंगाखाली सरकवला जातो.

आमच्या आजीला असलं काही सुचवता आलं नसतं. ती सुचवण्याच्या आधीच अटी घालायची.

आमच्याकडे वाचनालयातून पुस्तक कुणी 'आणत' नसे, 'बदलून' आणत. जुन्या बरणीतलं तेल संपलं की नवं भरून आणावं तसं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझ्या हातात कापडी पिशवी यायची, त्यात आजीचं एक, आईचं एक. गावभागातून वाचनालय दहा मिनिटांवर, गणपतीच्या देवळावरून गेलं तर पंधरा. मी कायम देवळावरून जायचो, कारण वाटेत भडंगवाला लागायचा. निघताना आजी उंबऱ्यापर्यंत येऊन सांगायची, "जाड असू दे. अक्षर मोठं बघ. आणि शेवटाला कुणी मरायला नको बघ." आईचं एकच मागणं असे, "मागच्या वेळेसारखं नको." मागच्या वेळचं कसं होतं ते मी वाचलेलं नसायचं, पण पुस्तक परत करताना तिचा चेहरा कसा होता ते माहीत असायचं. त्यावरून निवडायचो. चौथीतल्या पोराने घरातल्या बायकांसाठी कादंबऱ्या निवडायच्या, यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

मी शेवटचं पान आधी बघायचो. शेवटच्या पानावर लग्न, सूर्योदय किंवा पत्र असलं तर पुस्तक आजीचं. काळोख, पाऊस किंवा 'तिने एक सुस्कारा सोडला' असलं तर आईचं. समीक्षेची एवढी भक्कम कसोटी मला पुढे कुठे भेटली नाही.

तरी घोटाळा व्हायचाच. रात्री दिव्याखाली आजी तिसऱ्या पानावर थांबायची आणि म्हणायची, "वाचलंय की रं हे!" मग तिने त्यावर तोड काढली. पुस्तक पूर्ण झालं की एकविसाव्या पानावर, आकड्याच्या खाली, पेन्सिलीने एक बारीक टिंब. एकवीसच का, तर गणपतीला दूर्वा एकवीस, मोदक एकवीस. अर्धं टाकलेल्या पुस्तकाला टिंब नाही. "ते मी वाचलं असं कशाला म्हणू?" तेव्हापासून मी काउंटरवर आधी एकविसावं पान उघडायचो. ग्रंथपालकाकांना वाटायचं, पोरगा चाळून घेतोय. ते कौतुकाने बघायचे. 'पुस्तकावर काहीही लिहू नये' ही पाटी त्यांच्याच डोक्यावर लटकत होती.

त्या एकविसाव्या पानांमुळेच मला कळलं की ही युक्ती आजीची एकटीची नव्हती. कुणी सातव्या पानावर फुली मारायचं, कुणी अकराव्यावर पाण्याच्या थेंबासारखं काहीतरी काढायचं, एका कुणी तर शेवटच्या पानावर चक्क स्वस्तिक. गावातल्या कितीतरी बायका आणि पेन्शनर एकमेकांना न भेटता एकाच पुस्तकातून येऊन गेले होते. काही जण खुणेवर थांबायचे नाहीत. एका कादंबरीच्या शेवटी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'वेळ फुकट गेला.' त्याखाली निळ्या शाईत, 'तुमच्याकडे होता म्हणून गेला.' त्याखाली तिसरं अक्षर, थरथरतं, 'दोघांनीही शेवट पुन्हा वाचावा.' आणि दुसऱ्या एका ठिकाणी, नायिका घर सोडून जाते त्या पानावर, 'असे करायला नको होते. — एक भगिनी.' त्या पुस्तकाबद्दल पुढे मी पानंच्या पानं वाचली असतील. त्यातलं कुणी त्या भगिनीइतकं मनापासून बोललं नाही.

आजीचं एक मात्र पक्कं होतं, खांडेकर आपल्या गावचे. जन्म सांगलीचा, 1898 चा. ज्ञानपीठ मराठीला पहिल्यांदा मिळालं ते त्यांच्यामुळे, 1974 चं, 'ययाती'साठी. ही बातमी आली तेव्हा तिने म्हणे शेजारी साखर वाटली होती. मी कॉलेजात गेलो, दोन शहाणे मित्र मिळाले, आणि एके दिवशी घरी येऊन जाहीर केलं, "आजी, त्यांच्यात माणसं बोलत नाहीत, सुभाषितं म्हणतात." आजी वाटाणे सोलत होती. म्हणाली, "व्हय. मला पाठ आहेत." आणि एक म्हणूनही दाखवलं.

नंतर बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त मदुराईला गेलो होतो. तिथल्या ऑफिसातले एक म्हातारे कॅशियर, गाव विचारलं, मी सांगली म्हणालो, तर खुर्चीतून अर्धे उठले. "सांगली? कांडेकर!" खांडेकर तमिळमध्ये इतके वाचले गेले की तिथल्या कित्येकांना ते तमिळच लेखक वाटायचे, हे मला ऐकून माहीत होतं. पण समोर उभा माणूस माझा हात दोन्ही हातांत धरून बसला होता. मी अशी मान हलवली, जणू आमच्या शेजारचंच घर. सुभाषितांचा विषय काढला नाही.

खरा लेखक मी पहिल्यांदा पाहिला तो औदुंबरला. संक्रांतीला तिथे साहित्य संमेलन भरतं, कृष्णेच्या काठावर, दत्ताच्या गावात. आजी दत्तासाठी जायची की संमेलनासाठी, हे तिनेच कधी नीट सांगितलं नाही. त्या वर्षी पाहुण्यांत एक कादंबरीकार होते. नाव सांगत नाही, त्यांच्या घरचे लोक आहेत अजून. त्यांच्या एका कादंबरीत नायिका बाळंतपणात जाते, आणि आजीच्या पोटात ते दोन वर्षं होतं. भाषणं संपली, जेवणं सुरू झाली, तशी ती माझा हात धरून थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. त्यांच्या हातात द्रोण, द्रोणात गरम आमटी. "तिला मारायचं काय कारण होतं?" आजीने विचारलं. ते गडबडले. बोटं भाजत होती म्हणून असेल, किंवा असं कुणी विचारलंच नसेल. म्हणाले, "बाई, मलाही फार वाईट वाटलं हो."

एसटीत बसल्यावर आजीने निकाल दिला, "माणूस चांगला आहे. पुस्तकं रडकी." त्यानंतर तिने त्यांचं प्रत्येक पुस्तक मागवून वाचलं. प्रत्येक पुस्तकात एकविसाव्या पानावर टिंब आहे. म्हणजे, होतं.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा वर आली आणि आमच्या वाचनालयात शिरली. आमच्याही घरात छातीभर पाणी होतं. पाणी यायच्या आधी माळ्यावर काय काय चढवलं ते आठवतं: गॅसची टाकी, तांदूळ, टीव्ही, आजीचा फोटो, आणि माझ्या कथासंग्रहाच्या एकोणीस प्रती. बायको म्हणाली, "ह्या कशाला?" मी म्हणालो, "हलक्या आहेत."

हो, माझाही एक कथासंग्रह आहे. आजी गेल्यावर दहा वर्षांनी आला. पाचशेची आवृत्ती, पंचवीस प्रती मला मिळाल्या, त्यातल्या सहा नातेवाइकांनी "एक द्या की" म्हणून नेल्या. लग्नकार्यात लोक विचारतात, "अजून लिहिता का?" जसं "अजून गुडघा दुखतो का?" विचारावं. मी "अधूनमधून" म्हणतो. दोन्हींना चालतं.

तर परवा ती पोरगी गेल्यावर मन लागेना. तिच्यासाठी खरोखरचं एखादं पुस्तक काढावं म्हणून वाचनालयात गेलो. दुपारची वेळ, पंखा, वर्तमानपत्रांपाशी दोन म्हातारे. खालच्या मजल्यावर नवी कपाटं, नवी पुस्तकं. सगळी एकविसावी पानं कोरी. वरच्या मजल्यावरची, पुरातून वाचलेली जुनी पुस्तकं अजून तिथेच आहेत. पाच-सहा उघडली. सातव्यात सापडलं. आकड्याच्या खाली, मोहरीपेक्षा बारीक. पुस्तकाचं नाव मी बघितलं नाही. बघायला हवं होतं, मुलीला देता आलं असतं. पण मी ते लगेच मिटलं आणि जागेवर ठेवलं.

त्याच रांगेत, चार पुस्तकं सोडून, माझा कथासंग्रह. मागच्या चिठ्ठीवर चार शिक्के. त्यातला एक माझाच, सुरुवातीला लाज राखायला म्हणून मी स्वतःच घरी नेलं होतं. एकविसावं पान साफ. मग सवयीने शेवटचं पान उघडलं. तिथे खाली, पेन्सिलीत, कुणीतरी लिहिलं होतं: 'बरे आहे.'

एवढंच. मी खिडकीपाशी जाऊन उजेडात पुन्हा वाचलं. आपल्याकडे बरं म्हणजे चांगलंही असतं, चालेलही असतं, आणि पाहुणा चपला घालता घालता "बरं आहे, येतो" म्हणतो तेही असतं. अक्षर बाईचं की पुरुषाचं तेही कळेना.

पुस्तक परत ठेवताना मी ते रांगेतून बोटभर पुढे ओढून ठेवलं. जिन्यापर्यंत गेलो आणि मागे वळून बघितलं, तर ग्रंथपालबाई कपडा मारत त्या कपाटापर्यंत आल्या होत्या. त्यांनी ते तळहाताने आत ढकललं आणि पुढच्या कपाटाकडे वळल्या.