निदानाचा रकाना

ओपीडी आटोपत आली होती. आमचे सर्जन आत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "एक ईसीजी काढ. केसपेपर नको." रेसिडेंट असताना मी यांच्याच हाताखाली राबलो. त्यांना पेशंटच्या खुर्चीत बसा म्हणायलाही मला अवघड गेलं.

छातीत धडधड, पहाटे जाग, मग झोप नाही. ईसीजी नॉर्मल, हृदयाला इजा झाली का ते सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी नॉर्मल.

"काम कसं चाललंय, सर?"

"मस्त. सकाळी सात नंबरचं पित्ताशय काढलं, आता बारा नंबरचा हर्निया."

"सात नंबरचं नाव काय?"

त्यांनी खिशातली यादी काढली, चष्मा लावला, शोधू लागले. राउंडला कुणी 'सात नंबर' म्हटलं की हेच सर फाइल मिटून "नाव सांग" म्हणत उभे राहायचे.

बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस आतून संपत जाणं. ते मोजायची मानसशास्त्रज्ञ मास्लाक यांची प्रश्नावली १९८१ची. त्यात तीन गोष्टी तपासतात: भावनिक थकवा, पेशंटबद्दल आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काही चांगलं होत नाही ही भावना. थकवा सगळ्यांना दिसतो. कोरडेपणाला मात्र आमच्याकडे 'प्रोफेशनल' म्हणून शाबासकी मिळते, त्यामुळे तो वर्षानुवर्षं खपून जातो.

"रेसिडेन्सीत छत्तीस छत्तीस तास उभा असायचो रे, तेव्हा काही झालं नाही!" खरं आहे. पण तेव्हा डोक्यावर कुणीतरी सीनियर होता, कोर्सला शेवट होता आणि एक रात्र नीट झोपलं की गडी परत ताजा. आता ऑपरेशननंतर काहीही बिघडलं तर नाव यांचं, नातेवाइकांना उत्तरं यांनीच द्यायची, आणि हे संपणार कधी तर निवृत्तीला.

मरणाचे विचार येतात का, हेही विचारलं. गुरूला असं विचारताना जीभ जड होते, पण विचारावंच लागतं.

"छे! पण एखादा छोटा अपघात व्हावा आणि महिनाभर पडून राहावं, असं वाटतं कधी कधी."

हे उत्तर मी 'नाही'मध्ये धरलं नाही. त्यांच्यासमोरच मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावून त्याच संध्याकाळची वेळ घेतली. बाराचा हर्निया तातडीचा नव्हता. तो पुढे ढकलला.

मग केसपेपर काढलाच. निदानाच्या रकान्यापाशी पेन अडलं. आयसीडी-११मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, बर्नआउट आजारांत मोडत नाही. कामाशी निगडित अवस्था एवढीच त्याची नोंद आहे. मला ते पटतं. बिघाड कामात आहे, तर शिक्का माणसावर का? पण रजेच्या अर्जाला आजारच लागतो. 'निद्रानाश' लिहिलं. खोटं नव्हतं.

अधीक्षकांना भेटून सरांचे रात्रीचे कॉल बंद करायला सांगितलं. "अहो, ते तर कधीच तक्रार करत नाहीत," अधीक्षक म्हणाले. तरी कॉल बंद झाले. नवीन माणूस घेतला नाही. ते कॉल उरलेल्या सर्जनांत वाटून टाकले. त्यातल्या एकाने परवा कॅन्टीनमध्ये मला बाजूला घेऊन विचारलं, झोपेची कुठली गोळी चांगली?