डाव्या अंगठ्याकडे सोपवलेला वेग

पहिल्या दिवसाचे 410 किलोमीटर जवळजवळ सरळ रस्त्याचे होते. दोन्ही बाजूंना सपाट पठार, समोरून येणारी तुरळक वाहने आणि ताशी 85 किलोमीटरवर स्थिरावलेली गाडी. अशाच रस्त्यासाठी माझ्या टूरिंग मोटरसायकलला क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप कायम ठेवणारी सोय आहे, आणि अशाच रस्त्यावर ते वापरून वापरून माझा उजवा अंगठा मुळाशी ठणकू लागतो. म्हणून या सहा दिवसांच्या प्रवासाला निघताना एक काम मनाशी ठरवूनच निघालो होतो: क्रूझची बटणे उजव्या मुठीजवळून डाव्या मुठीजवळ आणायची.

अडचण बाहेरून पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. उजव्या हातात थ्रॉटल, म्हणजे फिरवून वेग कमीजास्त करायची मूठ असते. वेग कायम करण्याचे बटण त्याच मुठीच्या आतल्या बाजूला आहे, म्हणजे चार बोटांनी थ्रॉटल आहे त्या जागी धरून ठेवायचे आणि त्याच हाताचा अंगठा ताणून बटण दाबायचे. अंगठा पुढे सरकला की मनगट किंचित फिरते, मनगटाबरोबर थ्रॉटल फिरते, आणि बटण दाबले जाईपर्यंत गाडी हव्या त्या वेगापेक्षा चार-पाच किलोमीटर खाली आलेली असते. मग वेग वाढवण्यासाठी पुन्हा तोच ताण. मागे बसणाऱ्या पत्नीला हे माझ्याआधी लक्षात आले होते. प्रत्येक वेळी माझे उजवे कोपर वर उचलले जाते आणि पाठोपाठ गाडीला बारीकसा हिसका बसतो, असे ती म्हणत असे.

हा हिसका मला विशेष खटकतो, कारण क्रूझ कंट्रोलचा जन्मच असे हिसके टाळण्यासाठी झाला. ते शोधणारे अमेरिकन अभियंते रॅल्फ टीटर वयाच्या पाचव्या वर्षी अपघातात दृष्टी गमावून बसले होते. वेगमापकाचा काटा त्यांनी कधी पाहिला नाही. गाडीचा वेग कमीजास्त झालेला त्यांना अंगानेच कळत असे. त्यांच्या उपकरणाला 1950 साली पेटंट मिळाले आणि 1958 च्या क्रायस्लर मोटारींत ते ग्राहकांपर्यंत पोहोचले. मोटारीत पाय मोकळा होतो, मोटरसायकलवर उजवे मनगट. ज्या मनगटाला विश्रांती द्यायची, त्यालाच प्रत्येक वेळी ताण देणारी जागा बटणाला का असावी, हे मला पटत नव्हते.

तारांची जुळणी मी घरीच तयार केली होती, पण नव्या बटणांची जागा मुद्दाम ठरवली नव्हती. ती उभ्या गाडीवर ठरत नाही. उभ्या गाडीवर हात सैल असतात, वारा नसतो, हँडल थरथरत नसते आणि क्लचवर बोटे तयार ठेवलेली नसतात. म्हणून एक खोडरबर बटणांच्या डबीच्या मापाचे कापून घेतले आणि पहिले दोन दिवस ते चिकटपट्टीने डाव्या हँडलवर लावून फिरलो. पहिली जागा इंडिकेटरच्या शेजारची होती. तिथे अंगठा सहज पोहोचत होता, परंतु दोनदा खोडरबराऐवजी इंडिकेटर लागला, तेव्हा ती जागा लगेच सोडली. दुसरी क्लचच्या लिव्हरजवळ, वरच्या बाजूला. तिथे पोहोचण्यासाठी मूठ सोडावी लागत होती. दुसऱ्या दिवशी चहासाठी थांबलो तेव्हा खोडरबर मूळ स्विचांच्या डबीच्या खाली, किंचित आत झुकवून लावले, आणि तीच जागा शेवटी पक्की झाली. चारही बोटे मुठीवर ठेवून अंगठा सैल सोडला की तो आपोआप तिथेच टेकतो. जाड हातमोजे घालूनही पाहिले, कारण पातळ हातमोज्यांत सापडलेले बटण थंडीत सापडेलच असे नाही.

तिसरा दिवस मुक्कामाचा होता. सकाळी गाडी मधल्या स्टँडवर चढवली, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आणि पुढच्या फेअरिंगची, म्हणजे वारा अडवणाऱ्या आवरणाची, डावी-उजवी झाकणे काढली. माझ्या गाडीतील क्रूझचे मुख्य स्विच आणि वेगाची दोन बटणे वेगवेगळी आहेत. सर्व्हिस मॅन्युअलमधील नकाशानुसार या दोन बटणांच्या दोन स्वतंत्र तारा आणि एक सामाईक अर्थची, म्हणजे गाडीच्या धातूच्या चौकटीशी जोडलेली, तार आहे. बटण दाबले की त्याची तार अर्थला जोडली जाते, एवढेच. मल्टीमीटर लावून दोन्ही बटणे दाबून पाहिली आणि नकाशा बरोबर असल्याची खात्री केली. ही खात्री सर्वांत महत्त्वाची आहे. काही गाड्यांत सगळी बटणे एकाच तारेवर वेगवेगळ्या रेझिस्टरमधून (प्रवाहाला अडवणाऱ्या भागांतून) बोलतात, आणि तिथे एखादा गंजका सांधासुद्धा कंट्रोलरला, म्हणजे क्रूझ चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला, दुसरेच बटण दाबल्यासारखा वाटू शकतो. काही नव्या गाड्यांत स्विचांची डबी स्वतःच डिजिटल संदेश पाठवते. तिथे तार लांबवून काहीच साधत नाही.

मूळ वायरिंग कापायचे नाही, हे मी पहिल्यापासून ठरवले होते. उजव्या डबीचा कनेक्टर जिथे मुख्य वायरिंगला मिळतो तिथे तशाच जातीच्या नर-मादी कनेक्टरांचा एक छोटा दुवा बसवला आणि त्यातून तीन तारा डावीकडे नेल्या. जुनी बटणेही त्यामुळे चालू राहिली. उद्या नवी बटणे बिघडली तर दुवा काढून गाडी दहा मिनिटांत पूर्ववत होते. सांधे सोल्डर न करता क्रिंप केले, म्हणजे धातूच्या टोपणात दाबून पक्के केले, कारण सोल्डर तारेच्या धाग्यांत वर चढून तिथली तार कडक होते आणि सततच्या थरथरीने नेमकी त्याच टोकाला तुटते. वर आतून गोंद असलेली, तापवली की आवळून बसणारी हीट श्रिंक नळी चढवली.

बटणे निवडताना मी घाई केली नाही, त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो. हॉर्नच्या बटणातून चांगला जोराचा प्रवाह जात असेल तर त्याच्या ठिणगीने संपर्काचे बिंदू काहीसे आपोआप साफ होत राहतात. क्रूझच्या बटणातून मात्र अगदी थोडा, काही मिलीअँपिअर इतकाच प्रवाह जातो. तिथे संपर्कावर धरलेला ऑक्साइडचा पातळ थर तसाच राहतो आणि बटण कधी लागते, कधी लागत नाही. म्हणून कमी प्रवाहासाठी बनवलेली, सोन्याचा मुलामा असलेल्या संपर्कांची आणि पाणी न शिरणारी बटणे घेतली.

तारा नेताना सर्वाधिक वेळ गेला तो हँडल वळते त्या जागी. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, असे कितीतरी वेळा वळवून पाहिले. पत्नी टॉर्च धरून खाली बसली होती आणि तार कुठे ताणते, कुठे सैल पडून ब्रेकच्या नळीला टेकते, ते सांगत होती. माझ्या गाडीच्या रचनेत या तारेचे आवरण घासले आणि आतली तांब्याची तार चौकटीला टेकली, तर कंट्रोलरच्या दृष्टीने ते बटण दाबल्यासारखेच आहे. त्यामुळे तिन्ही तारांवर स्वतंत्र कापडी आवरण चढवले आणि त्या वळणापाशी पट्टी आवळून न बांधता सैल ठेवली.

क्रूझ बंद करणाऱ्या वाटांना मात्र मी हात लावला नाही. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, क्लच आणि मुख्य स्विच यांच्या तारा जशाच्या तशा आहेत, आणि मुख्य स्विच अजून उजवीकडेच आहे. वेग धरण्याची सोय बिघडली तर फक्त हात दुखेल. वेग सोडण्याची बिघडली तर जिवाशी गाठ आहे. संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर चाचणी घेतली तीही याच क्रमाने: ताशी 60 वर क्रूझ लावून आधी पुढचा ब्रेक हलकेच ओढला, मग मागचा, मग क्लच, मग मूठ बंद दिशेला फिरवली, शेवटी मुख्य स्विच. पाचही वेळा क्रूझ तत्काळ सुटले. त्यानंतर गाडी जागेवर उभी करून इंजिन सुरू ठेवले, हँडल दोन्ही टोकांना वळवले आणि इंजिनाचा आवाज बदलत नाही ना, मूठ सोडल्यावर थ्रॉटल स्वतःहून परत येते ना, तेही पाहिले.

चौथ्या दिवशी 380 किलोमीटर होते. पहिल्या सरळ टप्प्यावर उजव्या हाताने 85 धरले, डावा अंगठा टेकला होता तिथेच दाबला, आणि काटा 85 वरच राहिला. मागून पत्नी म्हणाली, "आत्ता लावलंस का? मला कळलंच नाही." पुढे चढ लागला तसे इंजिन हळूहळू जोर घेऊ लागले, उतारावर सैल झाले, आणि उजवा हात मुठीवर नुसता टेकलेला होता. ताशी दोन-तीन किलोमीटर कमी करायचे, ट्रकमागून जाताना आणखी कमी करायचे, रस्ता मोकळा झाला की पुन्हा आधीच्या वेगावर यायचे, हे सगळे दिवसभर डाव्या अंगठ्यानेच चालले होते. दुपारी पाऊस आला तेव्हा मुख्य स्विच बंद केले. ओल्या रस्त्यावर मागच्या चाकाची पकड सुटली तर ते आधी मनगटाला कळायला हवे, कंट्रोलरवर ते सोपवू नये, असे माझे मत आहे.

परतीच्या वाटेवर शेवटच्या मुक्कामी पुन्हा झाकणे उघडून पाहिली. हँडल पूर्ण डावीकडे वळवल्यावर एक पट्टी तारेच्या कापडी आवरणाला घासत होती आणि तिथे नखाएवढी चकाकी आली होती. आतली तार शाबूत होती. ती पट्टी दोन बोटे वर सरकवली, खाली रबराचा तुकडा घातला आणि झाकणे बंद केली.