७५ ग्रॅमचा फरक

मराठवाड्यात गोल्फच्या काठ्या दुरुस्त करून पोट भरतं का, असं मला पै-पाहुण्यांत हमखास विचारतात. भरत नाही. पोट भरतं जिग-फिक्श्चरच्या, म्हणजे कारखान्यात सुटे भाग पकडून धरणाऱ्या साधनांच्या, कामावर. चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या माझ्या वर्कशॉपचा एक कोपरा तेवढा या नादासाठी राखून ठेवलाय. आधी ग्रिप, म्हणजे मूठ, बदलून द्यायचो, मग शाफ्ट, म्हणजे दांडा. इथले काही कारखानदार पुण्याला येरवड्याच्या कोर्सवर खेळायला जातात आणि मोडतोड घेऊन माझ्याकडं येतात.

त्यातलेच एक जालन्याचे शेठ. रोलिंग मिलवाले, वय साठीच्या अलीकडं, मनगटात अजून ताकद. एका शनिवारी गाडीतून उतरले ते हातात ४ नंबरची हायब्रिड काठी आणि काखेत प्लास्टिकात गुंडाळलेला नवा शाफ्ट घेऊनच.

"बॉल डावीकडंच पळायलाय. शाफ्ट लेचापेचा आहे हो याचा. हा बघा, दुबईहून मागवलाय, स्टिफ. तेवढा बसवून द्या, मला तीनला निघायचंय."

हायब्रिडची गंमत अशी, की डोकं वुडसारखं, म्हणजे लांब पल्ल्याच्या काठीसारखं, फुगीर असतं, पण ती बॅगेत येते लांब आयर्नच्या, म्हणजे पातळ लोखंडी पात्याच्या काठीच्या, जागी. ३ किंवा ४ नंबरचं आयर्न मारायला भल्याभल्यांना जमत नाही, त्यात उन्हाळ्यात जमीन कडक झालेली असली की आयर्नची धार आपटून उसळते. हायब्रिडचा रुंद तळ घसरत जातो. म्हणून लोक ती घेतात. पण घेताना डोक्याकडं बघतात, लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, बघतात, आणि शाफ्टवरचं फक्त एक अक्षर बघतात. आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ. आता या अक्षरांना काही ठरलेलं माप नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं ते छापते. शेठसारखा माणूस, जो स्वतःच्या मिलमधली सळई टेस्ट सर्टिफिकेटशिवाय दारातून सोडत नाही, तो त्या अक्षरावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो!

आधी मी व्हर्निअर लावला. नव्या शाफ्टचं खालचं टोक ०.३३५ इंच भरलं. बहुतेक हायब्रिडच्या होझलचं, म्हणजे डोक्यात शाफ्ट बसतो त्या नळीचं, भोक ०.३७० चं असतं, यांचंही होतं. म्हणजे दुबईवाल्यानं त्यांना वुडचा शाफ्ट दिला होता. मधे पितळी बुश टाकून बसवता येतो, लोक बसवतातही. शेठ लगेच म्हणाले, "मग टाका की बुश."

मी म्हटलं, "शेठ, टाकतो. पण आधी दोन्ही वाकवून तर बघू."

जुन्या काठीच्या ग्रिपखाली लाकडी गुटके लावून ती व्हाइसमध्ये आडवी धरली. ग्रॅफाइटच्या, म्हणजे कार्बन तंतूंच्या, शाफ्टला लोखंडी जबडा थेट लावला की तो चिरडतो, म्हणून गुटके. व्हाइसपासून ठरावीक अंतरावर १ किलोचं वजन टांगलं आणि किती खाली गेलं ते हाइट गेजवर घेतलं. मग नवा शाफ्ट, तसाच, तेवढ्याच अंतरावर. फरक निघाला जेमतेम ४ मिलिमीटर. शेठनी चष्मा लावून आकडा स्वतः वाचला, वजन काढायला लावलं, परत टांगायला लावलं. आकडा तोच. मग म्हणाले, "मायला, हे एस काय फुकटचं छापलंय काय?" मी काही बोललो नाही, कारण माल त्यांनी रोख देऊन आणला होता.

तो शाफ्ट बाजूला ठेवला आणि त्यांची सगळी बॅग मागवली. वजनकाट्यावर ३ नंबरचं वुड ३३० ग्रॅम. हायब्रिड ३४५. ५ नंबरचं आयर्न ४२०, त्यात स्टीलचा शाफ्ट. एकदम ७५ ग्रॅमची उडी! बॅगेत वुडकडून वेजकडं, म्हणजे जवळच्या फटक्याच्या आखूड काठीकडं, जाताना लांबी कमी होत जाते आणि वजन हळूहळू वाढत जातं, हाताला त्याच चढाची सवय झालेली असते. दिवसभर आयर्न फिरवलेल्या हातात हलकी काठी आली की भरलेली समजून रिकामी घागर उचलल्यासारखं होतं. हात पुढं पळतात, काठीचं तोंड मिटतं, बॉल डावीकडं. शेठची हायब्रिड उभी होती आयर्नच्या जागी आणि शाफ्ट होता वुडच्या वजनाचा, ६५ ग्रॅमचा. दुबईवाला त्याहूनही हलका.

हे सगळं सांगितल्यावर शेठचं उत्तर तयारच होतं. "मग स्टीलच टाका." लोखंडवाल्या माणसाकडून दुसरं काय येणार! पण त्यांच्या उजव्या कोपराला पट्टा होता, आणि स्टील हाताला हादरा जास्त देतं. शिवाय हायब्रिडकडून त्यांना हवी होती उंची, म्हणजे कडक ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल पडून थांबेल अशी. जड स्टीलनं त्यांचा वेग मंदावला असता, बॉल खाली राहिला असता. तरुण, जोरकस माणूस असता तर मी स्टीलला नाही म्हटलं नसतं.

बोलून पटणारा गडी नव्हता, म्हणून शिशाची पट्टी काढली. सुमारे २० ग्रॅम शिसं शाफ्टच्या मधल्या भागावर गुंडाळलं, वरून चिकटपट्टी. वर्कशॉपच्या मागं जाळी बांधलीये, तिथं मॅटवर उभं केलं. काठीच्या तोंडावर व्हाइटबोर्डचा मार्कर फासला, म्हणजे बॉल कुठं लागतो ते उमटतं. शिसं लावायच्या आधीचे डाग टाचेपासून टोकापर्यंत विखुरलेले. शिसं लावल्यावरचे मधे, एकावर एक. शाफ्ट तोच, लवचिकपणा तोच, अक्षर तेच. जाळीच्या डाव्या बाजूला बसणारे बॉलही मधे बसायला लागले.

शेठ घाम पुसत म्हणाले, "हे शिसं असंच राहू द्या ना."

तेही चाललं असतं, पण दिसायला गबाळं, आणि पट्टी उन्हात सुटते. ८५ ग्रॅमचा, ०.३७० चा हायब्रिडचा ग्रॅफाइट शाफ्ट मागवला, तोही रेग्युलर. त्यावर थोडी कुरकुर झाली. आल्यावर जुना काढला. उष्णता होझललाच द्यायची, ग्रॅफाइटला नाही, आणि डोकं सरळ ओढायचं. पिळलं की तंतू फाटतात. नव्याच्या टोकावरचा फक्त रंग खरवडला, इपॉक्सी लावून २४ तास उभा ठेवला, मग वरच्या बाजूनं कापून जुन्याच लांबीवर आणला.

न्यायला आले तेव्हा जाळीत मारून पाहिलं, बिल जीएसटीसकट मागितलं. दुबईचा शाफ्ट ३ नंबरच्या वुडला चालेल का, हे विचारलं. चालेल, पण आहे त्यात तक्रार काय, असं मी विचारलं, तर तक्रार काहीच नव्हती.

मग म्हणाले, "तर मग ५ नंबरचं आयर्न काढून तिथंही हायब्रिडच घेऊ का?"

मी म्हटलं, "आधी या हायब्रिडचं आणि ५ नंबरचं अंतर येरवड्याला गवतावर मोजून या, मग बोलू."