लाओशी म्हणतात, सोंग!

ऑक्टोबर लागला की शिंचूत ईशान्येचा वारा सुटतो. तैवानमध्ये या गावाची ओळखच 'वाऱ्याचं शहर' अशी आहे. इथल्या प्रसिद्ध तांदळाच्या शेवया वाळतात त्या याच वाऱ्यावर. आता जग या गावाला चिपच्या कारखान्यांमुळे ओळखतं, पण पहाटे साडेपाचला 'अठरा टोकांच्या टेकडी'वर चिपवाले फारसे दिसत नाहीत. दिसतात ते आजी-आजोबा.

पहिल्या दिवशी टेकडीवर धप्प, धप्प आवाज आला. वाटलं, कुणी गोधड्या बडवतंय. वळणावर पाहिलं तर पाच-सहा म्हातारी माणसं झाडांना पाठमोरी उभी राहून एका लयीत पाठ आपटत होती. पाठ मोकळी होते म्हणे. झाडाला काय वाटतं, कोण जाणे.

मी कोल्हापूरचा. लहानपणी दोन सुट्ट्या तालमीत जोर-बैठका मारल्यामुळे अंग कमावणं म्हणजे काय ते आपल्याला कळतं, असा माझा समज होता. ताई ची ही चिनी युद्धकला म्हणजे म्हाताऱ्यांचा संथ नाच, एवढीच माहिती. टेकडीवर ती शिकवणाऱ्या लाओशींकडे, म्हणजे गुरुजींकडे, मी गेलो तो खरं तर चिनी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून. लाओशी ब्याऐंशी वर्षांचे. त्यांच्याबरोबर शिकवणाऱ्या आजींना सगळे 'आमा' म्हणतात. तैवानी बोलीत आमा म्हणजे आजीच.

पहिला महिनाभर लाओशींनी मला नुसतं उभं केलं. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोर, रांजण कवेत घेतल्यासारखे. याला 'जान च्वांग' म्हणतात, खांब होऊन उभं राहणं. आपल्याकडे माणूस खांबावर चढतो, इथे माणसाचाच खांब करतात. तिसऱ्या मिनिटाला मांड्या लटपटायला लागल्या, सातव्या मिनिटाला खांदे कानाला भिडले. लाओशी आले, खांद्यावर एक बोट ठेवलं आणि म्हणाले, "सोंग."

मी मनात म्हटलं, सोंग कसलं, खरंच दुखतंय!

पुढे कळलं, 'फांग सोंग' म्हणजे सैल सोड. इंजेक्शन देताना आपले डॉक्टर सांगतात तेच. पण सैल म्हणजे गळाठलेलं नव्हे. टाळूला वरून दोरी बांधून कुणी टांगलंय असं समजायचं आणि बाकीचं सगळं खाली लोंबू द्यायचं. तालमीत मी दम धरून, छाती काढून ताकद लावायला शिकलो होतो. इथे तीच ताकद अंगातून शोधून शोधून काढून टाकायची. एक खांदा उतरवला की दुसरा चढतो. दोन्ही उतरले की दातांवर दात रोवलेले असतात.

मग हालचाली. आमचे लाओशी चंग मान-चिंग यांच्या परंपरेतले. चंग चित्रकार, कवी आणि वैद्य. १९४९ मध्ये ते तैवानला आले. ताई चीतल्या यांग घराण्याचा लांबलचक क्रम छाटून त्यांनी तो ३७ मुद्रांवर आणला आणि पुढे १९६० च्या दशकात न्यूयॉर्कला जाऊन अमेरिकनांनाही शिकवला. मुद्रांची नावं मोठी मजेदार आहेत: चिमणीचं शेपूट पकडणं, माकडाला हुसकावत मागे सरणं, ढगांसारखे हात. माझे हात बरेच दिवस ढगांपेक्षा उसाच्या कांड्यांसारखे दिसत होते.

खरी गंमत 'तुइ शौ'मध्ये. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं आणि एकमेकांचा तोल काढायचा. आमा जेमतेम माझ्या खांद्याला लागतात. म्हातारीला लागेल म्हणून मी आधी हळूच ढकललं, मग जरा जोरात. जिथे ढकललं तिथे कुणी नव्हतंच. अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त धरली की पोटात होतं तसं झालं. तेवढ्यात त्यांनी तळहात टेकवला आणि मी चार पावलं मागे, थेट झाडावर. धप्प. पाठ मोकळी झाली.

इथे म्हण आहे: चार लिआंगांनी हजार जिन हलवावेत. ही जुनी वजनं तैवानच्या भाजीबाजारात अजून चालतात. एक जिन म्हणजे ६०० ग्रॅम, त्याचे सोळा लिआंग. मी हिशेब मांडला: चार लिआंग म्हणजे १५० ग्रॅम, हजार जिन म्हणजे ६०० किलो. दीडशे ग्रॅम म्हणजे आमच्या घरी पोह्यांना लागतो तेवढा कांदा! यात चमत्कार काही नाही. जोर लावताना माझा भार पावलांच्या पुढे गेला होता. आमांनी फक्त टेकू काढून घेतला, बाकीचं वजन माझंच. अंगातल्या 'ची'च्या, म्हणजे प्राणशक्तीच्या, गूढ गोष्टी सांगणारे टेकडीवरही भेटतात. आमचे लाओशी मात्र गुडघ्यांबद्दलच बोलतात: गुडघा पावलाच्या दिशेला ठेव, आत पाडू नकोस. वर्ष झालं, तेच सांगतायत.

गेल्या रविवारी संध्याकाळी खोलीत उभा होतो, रांजण कवेत घेऊन, आणि घरून व्हिडिओ कॉल आला. फोन टेबलावर टेकवून तसाच उभा राहिलो. आई म्हणाली, "आरं, उभा का? बस की."

"व्यायाम चाललाय."

"हालत तर नाहीस."

"सैल सोडतोय अंग."

मागून बाबांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं. उमेदीत शंभर-शंभर जोर मारलेला माणूस तो.

"काही नाही गं," ते आईला म्हणाले, "सोंगं करतंय."