कानाची फुगलेली पाळी आणि तिच्यामागचे दुखणे

आमच्या राणीच्या, म्हणजे आमच्या लॅब्राडोर कुत्रीच्या, उजव्या कानाची पाळी एका सकाळी पाणी भरलेल्या पिशवीसारखी फुगलेली हाताला लागली, तेव्हा मला ते गळू वाटले. आदल्या रात्री तिथे काहीच नव्हते. पशुवैद्यांनी मात्र कान हातात घेताच हा हिमॅटोमा, म्हणजे त्वचेखाली रक्त साचून आलेली सूज, असल्याचे सांगितले आणि लगेच विचारले, "ही किती दिवसांपासून डोके झटकते आहे?" ती जवळजवळ दोन आठवडे झटकत होती, आणि मी ते रोज पाहत होतो.

कानाच्या पाळीत मधोमध कूर्चेचा पातळ पत्रा असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी त्वचा घट्ट चिकटलेली असते. कुत्रे जोरजोराने डोके झटकते किंवा पंजाने कान ओरबाडते, तेव्हा तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि साचणारे रक्त त्वचेला कूर्चेपासून सुटी करत जाते. ही सूज बहुधा पाळीच्या आतल्या बाजूला येते, काही तासांत वाढते, स्पर्शाला मऊ व किंचित कोमट लागते आणि दाबल्यास आतला द्रव हलल्याचे जाणवते. गळू अधिक दुखते, त्यासोबत ताप असू शकतो आणि अनेकदा जवळपास चाव्याची जुनी जखम सापडते. अर्बुद, म्हणजे ट्यूमरची गाठ, सहसा सावकाश वाढते आणि टणक लागते. खात्री मात्र पशुवैद्यांनी सुईने द्रव काढून पाहिल्यावरच होते.

घरी सुई टोचण्याचा किंवा सूज पिळण्याचा प्रयत्न कृपा करून कोणीही करू नये, कारण त्यातून जंतुसंसर्ग होतो आणि रिकामी झालेली पोकळी बहुधा पुन्हा भरते. माणसांच्या आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलसारख्या गोळ्याही देऊ नयेत. त्या कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. कान ओरबाडला जाऊ नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी आणि दवाखाना गाठावा.

सूज लहान व ताजी असेल तर द्रव काढून त्या पोकळीत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, पण ती पुन्हा भरण्याची शक्यता बरीच असते. राणीच्या बाबतीत तसेच झाले, म्हणून शस्त्रक्रिया करावी लागली. भूल देऊन पाळीच्या आतल्या बाजूला छेद घेतात, साकळलेले रक्त धुऊन काढतात आणि त्वचा कूर्चेला पुन्हा चिकटावी म्हणून पाळीभर अनेक टाके घालतात. हे टाके कानाच्या लांबीला समांतर असतात, कारण आडव्या टाक्यांमुळे पाळीचा रक्तपुरवठा अडू शकतो. छेद पूर्ण न शिवता किंचित उघडा ठेवतात. त्यातून काही दिवस लालसर द्रव झिरपतो, आणि हे आधीच ठाऊक असल्यामुळे मी घाबरलो नाही. टाके साधारण दोन ते तीन आठवडे ठेवतात. काहीच उपचार केले नाहीत तर रक्त हळूहळू शोषले जाते, परंतु मागे राहणाऱ्या व्रणाच्या ऊतीमुळे पाळी बहुधा आक्रसून सुरकुतते, शिवाय कानाचे तोंड अरुंद झाले तर पुढचे संसर्ग आवरणे कठीण जाते.

तरीही पाळी शिवणे हे अर्धेच काम आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. कुत्रे डोके का झटकत होते याचा शोध घेतलाच पाहिजे: कानात यीस्ट (एक प्रकारची बुरशी) किंवा जिवाणूंचा संसर्ग असेल, माइट नावाचे अतिसूक्ष्म कीटक असतील, गोचीड किंवा गवताचे कुसळ अडकले असेल, किंवा मुळाशी ॲलर्जी असेल. राणीच्या कानातल्या मळात सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट आढळले, आणि कानात घालायचे औषध टाके निघाल्यावरही चालू ठेवावे लागले.

याशिवाय हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, पोटाच्या त्वचेवर जांभळे ठिपके दिसत असतील, किंवा मार न लागता शरीरावर इतरत्र रक्त साकळत असेल, तर प्रश्न कानापुरता राहत नाही. उंदीर मारण्याचे काही प्रकारचे विष रक्त गोठू देत नाही, आणि गोचिडांमुळे होणाऱ्या एहर्लिकियोसिस या आजारात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रक्ततपासणी करून घ्यावी.

राणीची पाळी आता थोडी जाड राहिली आहे. मी दर रविवारी तिचे दोन्ही कान उलटून पाहतो, त्यांचा वास घेतो, आणि तिने दिवसातून दोन-चारदा जरी डोके झटकले तरी त्याच दिवशी दवाखान्यात फोन करतो.